सेकंडहँड गाडीवरची डीलर वॉरंटी, वापरून झाल्यावर: बेअरिंग त्यांचं, मजुरी कोणाची?

इंजिन आणि गिअरबॉक्स वॉरंटीत आहेत, हे डीलर दहा वेळा ऐकवतो. गाडी त्याच वाक्यावर खपते. मुदत चालू असतानाच गिअरबॉक्समधून घरघर सुरू झाली आणि पहिला वाद झाला तो गिअरबॉक्स खाली घेऊन उघडायच्या मजुरीवरून. बेअरिंगच्या किमतीपर्यंत बोलणं पोचायलाच बराच वेळ गेला. म्हणून हा अनुभव मुख्यतः वॉरंटीतल्या मजुरीच्या त्या एका कलमाबद्दल आहे. गाडी चालवायला कशी आहे, हे इतरांनी भरपूर लिहिलंय.

मॅन्युअल गाडीत घरघर कसली आहे, हे पाच मिनिटांत बऱ्यापैकी कळतं. गाडी न्यूट्रलला, इंजिन चालू, पाय क्लचवरून काढलेला. आवाज येतोय आणि पेडल पूर्ण दाबलं की थांबतोय, तर संशय इनपुट शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगवर. उलट पाय काढलेला असताना शांत आणि पेडल दाबताच किरकिर, तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं. पैशाचा सगळा खेळ इथे आहे. इनपुट शाफ्टचं बेअरिंग गिअरबॉक्सच्या पोटात, म्हणजे वॉरंटीत. रिलीज बेअरिंग क्लचप्लेटबरोबर झिजणाऱ्या भागांच्या यादीत, म्हणजे मालकाच्या खिशातून.

काम मात्र दोन्हीला जवळपास तेच. फ्रंट-व्हील ड्राइव्हला बॅटरी आणि तिचा ट्रे काढा, गिअरच्या केबल आणि स्टार्टर सोडवा, तेल काढा, दोन्ही अ‍ॅक्सल ओढून काढा, इंजिनला खालून आधार द्या, माउंटिंग खोला, काही गाड्यांत सबफ्रेमही उतरवा, मग कुठे गिअरबॉक्स खाली येतो. बिलात बेअरिंग ही सगळ्यात बारीक ओळ असते. मजुरीची ओळ तिला गिळून टाकते. आणि वॉरंटीच्या पुस्तिकेत कलम असं: निदानासाठी खोलण्याचा खर्च दावा मंजूर झाला तरच मिळेल. मालकाची सही झाल्याशिवाय वर्कशॉप हात लावत नाही, आणि उघडून पाहिल्याशिवाय वॉरंटीवाले हो म्हणत नाहीत. थोडक्यात, आधी जोखीम मालकाची.

ही जोखीम कमी करता येते, पण सही करण्याआधीच. पेडल आणि टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा) दोन्ही दिसतील असा व्हिडिओ काढायचा: पाय वर, पाय खाली, पुन्हा वर. आवाज थंड इंजिनला वेगळा येत असेल तर दोन वेळा. जॉब कार्डवर ‘गिअरबॉक्समध्ये आवाज’ एवढंच लिहू द्यायचं नाही. ‘न्यूट्रलला आवाज, क्लच दाबल्यावर बंद, इनपुट शाफ्ट बेअरिंगचा संशय’ असं लिहून घ्यायचं. एस्टिमेटमध्ये उतरवणं-चढवणं, उघडणं-जोडणं आणि भाग अशा तीन वेगळ्या ओळी मागायच्या. दावा फेटाळला तर पैसे कोणत्या ओळीपर्यंत लागतील, हे त्यातून कळतं. मग मंजुरी क्रमांक, तोही लेखी. फोनवर ‘करून घ्या, बघू’ म्हणणाऱ्याचं पुढे कोणी ऐकत नाही. आणि ओळखीच्या मेकॅनिककडून ‘जरा उघडून बघ’ तर अजिबात नको. आधी कोणी खोलल्याचं दिसलं की दावा तिथेच संपतो.

इथपर्यंत मत असं होतं की ही वॉरंटी कागदापुरती आहे. गिअरबॉक्स उघडल्यावर ते थोडं बदललं. बेअरिंगच्या आतल्या कड्यावर खड्डे पडलेले स्पष्ट दिसत होते, ड्रेन प्लगच्या चुंबकावर कीस जमला होता, आणि दावा मान्य झाला. मजुरी पूर्ण मिळाली. भागाच्या किमतीतला काही हिस्सा मात्र मालकावर आला, कारण योजनेत गाडी जितकी जास्त चाललेली तितकी भरपाईची टक्केवारी कमी. तेल, सीलंट, एकदाच वापरायचे बोल्ट हेही मालकाचेच.

त्याआधी एक आक्षेप मात्र येऊन गेला: अ‍ॅक्सलच्या ऑइल सीलमधून तेल गळलं, तेल कमी पडलं म्हणून बेअरिंग गेलं. हा आक्षेप हलका घेऊ नये. सील हा रबरी भाग, वॉरंटीच्या यादीतून बाहेर. आणि वगळलेल्या भागामुळे झालेलं नुकसानही बाहेर. वाचवतं ते मोजमाप. गिअरबॉक्समधलं तेल थेट घमेल्यात सोडून न देता मापाच्या भांड्यात काढायला लावायचं, फोटो घ्यायचा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडायचं. छोट्या गाड्यांच्या पाच गिअरच्या बॉक्समध्ये साधारण दोन लिटर तेल असतं; तेवढं निघालं तर आक्षेपाला जागाच उरत नाही. इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचीही हीच गत. थर्मोस्टॅटच्या प्लॅस्टिक हाउसिंगला चीर गेली, तापमानाचा काटा चढला आणि तरी गाडी पुढे दामटली, तर हेड गॅस्केटचा खर्च बहुतेक वेळा मालकावरच येतो. काटा चढला की गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद, मग टोइंग.

एक काटकसर इथे हक्काने करावी. दावा मंजूर होऊन गिअरबॉक्स खाली आहेच, तर क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि अ‍ॅक्सलचे सील आपल्या पैशाने बसवून घ्यावेत. जवळपास भागांचीच किंमत पडते. इंजिनाच्या क्रँकच्या मागच्या सीलवरही नजर टाकायला सांगावं. तो गळत असेल तर नवी प्लेट तेलाने खराब होऊन घसरायला लागते, आणि सगळं पुन्हा उतरवावं लागतं.

आता डीलर. वॉरंटीचा दावा फेटाळला म्हणजे डीलर सुटला, असा सोयीचा समज पसरवला जातो. बऱ्याच ठिकाणी कायदा असं म्हणत नाही. ब्रिटनमध्ये २०१५च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार पहिल्या ३० दिवसांत सदोष गाडी परत करता येते, आणि पहिल्या ६ महिन्यांत दिसलेला दोष विक्रीच्या वेळीच होता असं धरलं जातं. तसं नव्हतं हे डीलरने सिद्ध करायचं. युरोपीय संघात जुन्या वस्तूंवरची विक्रेत्याची जबाबदारी कमी करता येते, पण एका वर्षाच्या खाली नाही. अमेरिकेत डीलरने गाडीवर ‘बायर्स गाइड’ ही माहितीची पाटी लावणं सक्तीचं आहे. त्यावर ‘अ‍ॅज इज’ (आहे तशी, वॉरंटीशिवाय) यावर खूण असेल तर दुरुस्ती सहसा घेणाऱ्याची, आणि वॉरंटीवर खूण असेल तर मजुरीचे आणि भागांचे किती टक्के डीलर देणार, तेही लिहिलेलं असतं. भारतात २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली २ वर्षांत तक्रार करता येते, पण दोष आधीपासून होता हे दाखवायचा भार व्यवहारात घेणाऱ्यावरच येतो.

तो पुरावा ताबा घेतानाच गोळा होतो. गाडीच्या संगणकातली माहिती वाचणाऱ्या साध्या ओबीडी स्कॅनरवर दोन आकडे पाहायचे: फॉल्ट कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, आणि इंजिन किती वेळा गरम झालं. आकडे अगदीच लहान असतील, रेडिनेस मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या का, ते सांगणारे) अपूर्ण दाखवत असतील, तर कोड नुकतेच पुसलेले आहेत किंवा बॅटरी काढली होती. स्क्रीनचा फोटो काढून डीलरला त्याच दिवशी पाठवायचा. गिअरबॉक्सच्या आवाजाला हा उपाय चालत नाही, त्याला वरचा व्हिडिओच. पण इंजिन आणि उत्सर्जनाच्या वादात हा फोटो फार उपयोगी पडतो.

बाकीचं झटपट. रिकॉलची, म्हणजे दोष निघाल्यामुळे कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांची, दुरुस्ती कंपनी करते, मालक कितवाही असो. चासी नंबर टाकून तपासावं. मूळ कंपनीची वॉरंटी शिल्लक असेल तर आधी तिच्याकडे. मोटार विमा अपघात बघतो, झिजलेलं बेअरिंग नाही.

वॉरंटीच्या मुदतवाढीची ऑफर आली आहे. हप्त्यापेक्षा दोन आकडे आधी पाहावेत: एका दाव्याची कमाल मर्यादा आणि मजुरीचा मान्य तासाचा दर. गिअरबॉक्स उतरवायचे तास गुणिले आपल्या वर्कशॉपचा दर, हे त्या मर्यादेत बसत नसेल, किंवा दरातला फरक मालकाने भरायचा असेल, तर तो हप्ता न भरता तेवढे पैसे बाजूला ठेवलेले बरे. खोलण्याच्या मजुरीचं कलम बदलून द्या, असं डीलरला विचारून झालंय. उत्तर तोंडी ‘हो’ आहे, कागदावर कलम तसंच, त्यामुळे सही थांबवली आहे.