उसावरचा ड्रोन: रडारचा की कॅमेऱ्याचा?

महिनाभरात तिघांनी मला हा एकच प्रश्न विचारला. एक शिरोळचे, एक कागलकडचे आणि तिसरी आमच्याच भावकीतली वहिनी. महिला बचतगटांना फवारणीचा ड्रोन मिळवून देणाऱ्या सरकारी ड्रोनदीदी योजनेत तिच्या गटाचा नंबर लागायच्या बेतात आहे. ८० टक्के अनुदान, जास्तीत जास्त ८ लाख, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं पाठ आहे. टाकी किती लिटरची, बॅटरीचे संच किती, पायलटचं प्रशिक्षण कुणी घ्यायचं, हेही सगळं ठरलंय. गाडी अडलीय ती एकाच जागी: समोरचा अडथळा ओळखायला रडार असलेलं यंत्र घ्यावं की दोन कॅमेऱ्यांचं?

मी दोन्ही उडवलीत. कॅमेऱ्याचं दीड हंगाम, रडारचा आता तिसरा हंगाम चालू आहे. हा एका माणसाचा अनुभव, मोजमाप म्हणून धरू नका. माझं रान सपाट आणि पीक ऊस. तुमचं वेगळं असेल तर हिशेबही थोडा वेगळा लागेल.

आधी एक गैरसमज काढतो, कारण विक्रेते त्याचेच पैसे घेतात. टक्कर टाळणारी यंत्रणा म्हटलं की आपल्याला विमानातली टीकॅस आठवते. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर सौदियाचं बोइंग आणि कझाकिस्तानचं इल्यूशिन समोरासमोर धडकलं, ३४९ माणसं गेली. त्यानंतर आपल्याकडे ही यंत्रणा सक्तीची झाली. पण टीकॅस पाहत नाही, ती हाक मारते. समोरच्या विमानातल्या ट्रान्सपॉन्डरने, म्हणजे अशा हाकेला आपोआप उत्तर देणाऱ्या रेडिओने, ओ दिली तरच तिला कळतं की तिथे कुणीतरी आहे. आपल्या फवारणीच्या ड्रोनवर ट्रान्सपॉन्डर नसतो. म्हणजे कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर उतरणाऱ्या विमानाला टीकॅसवर आपला ड्रोन दिसायचा प्रश्नच नाही. म्हणून तर २०२१ च्या ड्रोन नियमांत विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते, आणि ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांच्या वर. तामगाव, नेर्ली, कणेरी इकडचे फोन मला येतात, दरही चांगला द्यायला तयार असतात, पण परवानगीशिवाय मी तिकडे टाकी भरत नाही.

काही यंत्रांवर विमानांचे संदेश ऐकणारा रिसीव्हर असतो. विमानं आपली जागा १०९० मेगाहर्ट्‌झवर सेकंदाला साधारण दोनदा सांगत असतात, ती तो ऐकतो. चीज चांगली आहे. पुराच्या वेळी किंवा मोजणीसाठी ३००-४०० फुटांवर ड्रोन नेणाऱ्याने जरूर घ्यावी, खासकरून निवडणुकीच्या दिवसांत, जेव्हा कुठल्या मैदानात कुणाचं हेलिकॉप्टर उतरेल याचा नेम नसतो. पण उसावर आपण उडतो वीस-पंचवीस फुटांवर. तिथे गाठ पडते ती नारळाच्या झावळीशी आणि विजेच्या एलटी लाइनच्या तारेशी. त्या दोघी कुठलाच संदेश पाठवत नाहीत.

म्हणून खरा प्रश्न रडार की कॅमेरा हाच.

जगाच्या बाजारात मोठ्या विमानांच्या या यंत्रणा म्हणजे हनीवेल, कॉलिन्स, एसीएसएस अशा मोजक्या नावांचा खेळ. आपल्या ड्रोनवरचा रडार मात्र त्या घराण्यातला नाही, तो मोटारींचा भाऊबंद. पुढच्या गाडीशी अंतर राखायला गाड्यांना ७७ गिगाहर्ट्‌झचे रडार लागायला लागले, त्यांच्या चिप ढिगाने बनू लागल्या आणि मग ही वस्तू शेतकऱ्याच्या आवाक्यात आली. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे, सुट्या भागांना नाही. तेव्हा वरच्या खोळीवर नाव कुणाचंही असो, आतला रडार किंवा कॅमेरा कुठला आणि बिघडला तर तो इथे मिळतो का, एवढं विचारून घ्या.

आता कॅमेऱ्याची बाजू, कारण ती लंगडी अजिबात नाही. दोन कॅमेरे म्हणजे आपले दोन डोळेच. एका चित्रातला ठिपका दुसऱ्या चित्रात किती सरकलाय, त्यावरून अंतर काढायचं. उजेड चांगला असला की हे यंत्र फार शहाण्यासारखं वागतं. झाड कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते त्याला कळतं. बांधावरच्या आंब्याला ते अलगद वळसा घालून पुढे जायचं, बघत राहावं असं. माझा रडार अजूनही तसा वळत नाही, थांबतो आणि माझ्याकडे बघत राहतो. उसाच्या शेंड्याला कॅमेरा कधी घाबरला नाही. शिवाय पडद्यावर समोरचं चित्र दिसतं, नव्या पायलटला त्याचा धीर असतो. पहिल्या उन्हाळ्यात मी त्याच्यावर इतका खूश होतो की दोन पाहुण्यांना तेच घ्यायला लावलं. त्यातला एक अजून बोलतो माझ्याशी.

भानगड झाली ती थंडीत.

शिरोळ तालुक्यात नदीकाठचा मळा, आडसाली ऊस, दहा-बारा फुटांच्या वर गेलेला. माणूस आत शिरूच शकत नाही, म्हणून तर ड्रोन. फवारणी वारा पडलेला असतानाच करायची, म्हणजे सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी चारनंतर. सऱ्या पूर्व-पश्चिम. नृसिंहवाडीच्या संगमाकडून आलेलं धुकं नुकतंच विरलेलं आणि सूर्य कासराभर वर. पश्चिमेकडे जाताना सगळं झकास. पूर्वेकडे वळला की सूर्य थेट दोन्ही डोळ्यांत. त्यात पहिल्या दोन टाक्यांत उडालेल्या तुषारांचे बारीक थेंब काचेवर सुकून पांढरे डाग पडलेले.

पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात तांदळाएवढी एक पिवळी खूण आली. अर्थ असा की दृष्टी बंद आहे, अडथळा टाळणं चालू नाही. आवाज नाही, थरथर नाही, काही नाही. ड्रोन आपल्या वेगाने पुढे चाललाच होता. माझी नजर टाकीच्या आकड्यावर. बांधावर उभा असलेला भाचा ओरडला, "मामा, झावळी! झावळी!" मी रिमोटची कांडी मागे ओढली तोवर पुढचा उजवा पंखा झावळीत शिरला होता. ड्रोन नारळाच्या बुंध्याशी पडला, दोन पंखे आणि एक बाहू गेला, सात लिटर औषध एकाच जागी सांडलं. तेवढ्या भागातला ऊस करपला. मळ्याचे मालक आबा भला माणूस, एवढंच म्हणाले, "दादा, तुझं यंत्र झोपलं व्हतं काय रं?"

खरंच झोपलं होतं. मला त्याचा राग याचा नाही की त्याला दिसलं नाही. सूर्याकडे तोंड केल्यावर मलाही दिसत नाही. राग याचा की दिसत नसल्याचं त्याने मला नीट सांगितलं नाही. विक्रेत्याकडे गेलो तर तो म्हणाला, पुस्तिकेत लिहिलंय. लिहिलं होतंच, चौतिसाव्या पानावर. आणखी म्हणाला, दर टाकीला काच पुसा. त्यानंतरचा उरलेला हंगाम मी खिशात चष्म्याचं फडकं घेऊन फिरलो. दर टाकीला खाली बसायचं, दोन्ही काचा पुसायच्या, पुन्हा उठायचं. हातमोज्याला औषध, फडक्याला औषध, शेवटी काचेलाही औषधच. या एका कटकटीने माझा निकाल लावला.

मोठ्या विमानातली टीकॅससुद्धा जमिनीपासून साधारण १००० फुटांच्या खाली वर जा, खाली जा असे आदेश देत नाही. पण ते ठरवून केलेलं आहे आणि वैमानिकाला आधीपासून ठाऊक असतं. माझ्या यंत्राची दृष्टी कधी जाईल हे सूर्य ठरवायचा.

रडारला सूर्याचं काही नाही. धुकं, धूळ, संध्याकाळचा अंधार, सगळं त्याला सारखंच. त्याची लाट काही मिलिमीटरची, फवाऱ्याचा थेंब त्याहून कितीतरी बारीक, त्यामुळे तुषारांतून ती आरपार जाते. पुढच्या टोपणावर चिखल उडाला तर मी संध्याकाळी धुतो, तोवर त्याची तक्रार नसते.

पण तो कुरकुऱ्या आहे, भयंकर कुरकुऱ्या. नोव्हेंबर-डिसेंबरात उसाला तुरा आला आणि जराशी झुळूक आली की त्याला वाटतं समोर कुणीतरी उभं आहे. टूं-टूं करतो आणि जागीच थांबतो. पहिल्या तुऱ्याच्या दिवसांत एका एकरात मी नऊ थांबे मोजले. एरवी सात-आठ मिनिटांत उरकणाऱ्या एकराला वीस मिनिटं लागली आणि बॅटरी मध्येच मान टाकायला लागली. थांबला की पंप बंद होतो, पुन्हा निघताना हातभर जागा कोरडी राहते. पन्हाळा-शाहूवाडीकडे टप्प्याटप्प्याच्या रानात तर चढ आला की तो चढालाच अडथळा समजतो. तिकडच्या लोकांनी कॅमेऱ्याचा विचार जरूर करावा, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

कुरकुरीचं खरं नुकसान वेगळंच आहे: आपला विश्वास उडतो. दहाव्यांदा थांबला तेव्हा मी वैतागून त्याचं न ऐकता पुढे ढकलायच्या बेतात होतो. बॅटरी संपत आली होती म्हणून परत बोलावला, आणि पाय मोकळे करायला बांधाने तिकडे गेलो. उसात पाणी फवारणाऱ्या रेनगनचा लोखंडी पाइप उभा होता, तुऱ्यांच्याही वर हातभर. मालकाला त्याची आठवणच नव्हती. १ जुलै २००२ ला जर्मनीत युबरलिंगेनवर दोन विमानं धडकली, ७१ जण गेले. तिथे एका विमानाला टीकॅस वर जा म्हणत होती आणि जमिनीवरचा नियंत्रक खाली ये. वैमानिकांनी नियंत्रकाचं ऐकलं. रेनगनच्या पाइपाजवळ उभा असताना मला ते आठवलं, आणि आपण कुणाचं ऐकणार होतो याचीही लाज वाटली.

टीकॅसच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांवरही वैमानिकांची हीच तक्रार होती, उगाच ओरडते. आवृत्ती बदलत गेली तशी ओरड कमी झाली. माझ्या रडारचंही तसंच झालं. एक अपडेट आला, मी उडायची उंची अर्ध्या मीटरने वाढवली, थांबायचं अंतर थोडं कमी केलं. आता तुऱ्याच्या दिवसांत एकराला दोन-तीन थांबे होतात. उंची वाढवल्याने औषध थोडं वाऱ्यावर जातं हे कबूल, त्यासाठी मी फवाऱ्याचा थेंब जरा मोठा ठेवतो.

राहिली तार. इथे दोघेही नापास, आणि विक्रेता काहीही म्हणाला तरी विश्वास ठेवू नका. कॅमेऱ्याला आडवी तार कळत नाही, कारण तिच्यावर अंतर काढायला ठिपकाच सापडत नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी सारखीच. रडारला ती काटकोनात गेलात तर दिसते. तिरके गेलात की भिंतीवर तिरका मारलेला चेंडू जसा पलीकडे निसटतो तशा लाटा निसटून जातात. खांबाला आधार देणारी ती तिरकी तार, वायरमन जिला स्टे म्हणतात, ती तर दोघांनाही चकवते. यावर स्वित्झर्लंडच्या लोकांचा उपाय मला पटला. तिथे २००४ पासून ग्लायडरवाले फ्लार्म नावाची छोटी यंत्रणा वापरतात. ती एकमेकांना जागा सांगतेच, शिवाय आल्प्समधल्या तारा आणि रोपवे यांची यादीही तिच्यात भरता येते. तार दिसायची वाट न पाहता ती आधीच पाठ असते. मी तेच करतो. नव्या फडात आदल्या संध्याकाळी बांधाने फेरी, खांब मोजायचे, नकाशावर तारेच्या दोन्ही बाजूंना दहा मीटर सोडून रेघ मारायची आणि सऱ्या कशाही असोत, तिथे तारेला समांतर उडायचं. मालकाला रेनगनचंही विचारायचं, हे आता न चुकता.

दोन्ही असलेलं यंत्र मिळतंय आणि परवडतंय तर प्रश्नच मिटला, ते घ्या. फळबाग असेल, दिवसभराच्या स्वच्छ उजेडात काम असेल, लग्नाचं किंवा मोजणीचं शूटिंग असेल तर कॅमेरा, बिनघोर. पण ऊस, सकाळचं ऊन आणि नदीकाठ असेल तर मी तरी वहिनीला रडारच घे म्हणालोय. तिच्या गटातल्या बायका नव्याने शिकणार, पडद्याच्या कोपऱ्यातली तांदळाएवढी खूण त्यांच्या लक्षात यावी अशी अपेक्षा मी धरणार नाही. टूं-टूं मात्र शेजारच्या फडातही ऐकू येतं.

आणि डेमो घ्याल तेव्हा एवढं करा. विक्रेता तुम्हाला दुपारी बाराला मोकळ्या मैदानावर बोलावेल. तुम्ही त्याला सकाळी सातला तुमच्या बांधावर बोलवा. टाकीत साधं पाणी भरा, दोन फेऱ्या फवारू द्या, काच पुसू देऊ नका. मग सूर्याकडे तोंड करून नारळाच्या दिशेने सावकाश सोडायला सांगा, आणि त्या वेळी ड्रोनकडे न बघता विक्रेत्याचा अंगठा कांडीवर किती घट्ट आहे ते बघा.