होंडा ईयू३०आयएस जनरेटर: नाशिकच्या बंगल्यासाठी घ्यावा का, आणि घेतला तर चालू कसा ठेवावा

नाशिकमध्ये लाईट जाते ती दोन प्रकारे. एक, महावितरणचं देखभालीचं काम किंवा डीपीवरचा किरकोळ फॉल्ट: तासाभरात, फार तर दोन-तीन तासांत परत येते. त्याला घरचा इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-तासाची ट्युब्युलर बॅटरी पुरते, जनरेटरचा विचारही करू नये. दुसरा प्रकार मे-जूनच्या वादळाचा. गंगापूर रोड, मखमलाबाद, म्हसरूळ या झाडांच्या पट्ट्यात फांदी तारांवर पडली, खांब कलला, की इन्व्हर्टर मध्यरात्री शिट्टी मारतो आणि फ्रिज, पंप, वरच्या टाकीतलं पाणी सगळं अडतं. हा जनरेटर या दुसऱ्या प्रकारासाठी आहे.

आधी यंत्राची ओळख. १९६ सीसीचं फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिन, सतत २.८ केव्हीए (घरच्या हिशोबाला ढोबळमानाने किलोवॅट), थोडा वेळ ३ केव्हीए. टाकी सुमारे १३ लिटरची, रिकाम्या यंत्राचं वजन ६० किलोच्या आसपास, खाली चाकं. चावीने स्टार्ट होतो, बॅटरी बसली तर दोरीही आहे. मुख्य गोष्ट म्हणजे हा इन्व्हर्टर जातीचा आहे. इंजिन जी वीज बनवतं ती आधी डीसी होते आणि मग इलेक्ट्रॉनिक्स तिची ५० हर्ट्झची स्वच्छ साइन वेव्ह बनवतं. म्हणून लोड कमी असताना इंजिन हळू फिरू शकतं (इको थ्रॉटल म्हणतात ते हेच) आणि व्होल्टेज-फ्रिक्वेन्सी तरी हलत नाही. साध्या एव्हीआरवाल्या (फक्त व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर असलेल्या) स्वस्त जनरेटरला मिनिटाला ३००० फेऱ्यांवरच धावावं लागतं. पंप चालू-बंद झाला की त्याची फ्रिक्वेन्सी डुलते, एलईडी लुकलुकतात, आणि घरचा इन्व्हर्टर त्या विजेला मेन्स मानायलाच तयार होत नाही. यंत्र चालू, इन्व्हर्टर मात्र बॅटरीवरच, हा प्रकार त्यातूनच होतो.

आवाजाला पूर्ण मार्क. पूर्ण लोडवर सात मीटरवर ६० डेसिबलच्या आत, इकोवर त्याहून बराच कमी. शेजाऱ्यांशी संबंध टिकतात.

आता क्षमतेचं खरं गणित, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. दर ३०० मीटरला इंजिनाची ताकद साधारण साडेतीन टक्के घटते, म्हणजे इथे सात टक्के गेलेच. मे महिन्याची गरमी धरली तर २.८ ऐवजी २.५ केव्हीए समजून चालावं. त्यात काय बसतं? फ्रिज (चालताना १५०-२०० वॅट), चार-पाच पंखे, सगळे दिवे, टीव्ही, राउटर, घरचा इन्व्हर्टर चार्जिंगला, आणि वर अर्ध्या एचपीचा मोनोब्लॉक पंप. आरामात. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा दीड टनी एसी एकटा चालतो, सोबत मिक्सर लावला तर काठावर. गीझर विसरा.

पंपापाशी बहुतेकांचा अंदाज चुकतो. एक एचपीचा पंप चालताना एक-सव्वा किलोवॅटच घेतो, पण सुरू होताना तीन ते पाच पट करंट ओढतो. साध्या जनरेटरचं जड फ्लायव्हील तो धक्का थोडा तरी गिळतं, इन्व्हर्टर जनरेटरचं इलेक्ट्रॉनिक्स गिळत नाही: ओव्हरलोडचा लाल दिवा लागतो आणि वीज तुटते, इंजिन मात्र चालूच राहतं. मग लोक एमसीबी शोधत बसतात. एमसीबीचा संबंध नाही. इंजिन बंद करायचं, लोड काढायचा, पुन्हा सुरू करायचं, तेव्हाच दिवा जातो. एक एचपीचा पंप चालवायचाच असेल तर इको बंद, बाकी सगळं बंद, आधी पंप. जुनं बोअर आणि थकलेला कपॅसिटर असेल तर तेवढ्यानेही उचलणार नाही. कपॅसिटर बदलून पाहावा, स्वस्तातला उपाय आहे.

खर्च. पाव लोडवर ही टाकी सुमारे २० तास चालते, पूर्ण लोडवर आठ तासांच्या आत रिकामी होते. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरलं तर पाव लोडवर तासाला ६८-७० रुपये जातात आणि मिळतात ०.७ युनिट, म्हणजे युनिटला जवळपास १०० रुपये. पूर्ण लोडवर तेच ६४-६५ वर येतं. त्यामुळे रात्रभर दोन पंखे फिरवायला जनरेटर लावून ठेवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. संध्याकाळी दोन-तीन तास लावावा, त्यात फ्रिज थंड करून घ्यावा, पाणी चढवावं, दळण-मिक्सर-इस्त्री उरकावी, आणि रात्र इन्व्हर्टरवर काढावी. इन्व्हर्टरची बॅटरी मात्र या दोन तासांत भरेल अशी आशा नको. घरगुती इन्व्हर्टर १०-१५ अँपिअरने चार्ज करतो, तासाला १५० पैकी फार तर १५ अँपिअर-तास आत जातात. पॅनलवरच्या १२ व्होल्ट डीसी सॉकेटने घराची बॅटरी भरण्याच्या फंदातही पडू नये. ते सॉकेट गाडीच्या बॅटरीपुरतं आहे.

वायरिंग हा या खरेदीचा अर्धा भाग आहे आणि त्यावर कंजूषपणा केला की यंत्र कितीही चांगलं असो, धोका घरात येतो. दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर घेऊन जनरेटर कुठल्यातरी १५ अँपिअरच्या सॉकेटमध्ये खोचणारे वायरमन अजून आहेत. मेन स्विच चुकून चालू राहिला तर तुमची वीज उलटी डीपीत जाते, तिथे ती ११ केव्ही होते, आणि खांबावर चढलेल्या लाइनमनच्या हातात येते. लाईट परत आली तर जनरेटरचं इलेक्ट्रॉनिक्स जळतं ते वेगळंच. डबल पोलचा, मध्ये 'बंद' असलेला चेंजओव्हर (घर मेन्सवर की जनरेटरवर हे ठरवणारा स्विच) हवा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा.

दोन्ही का? कारण या यंत्राचा न्यूट्रल अर्थिंगला जोडलेला नसतो, तो तरंगता असतो. टेस्टर लावला तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत मंद उजेड दिसतो, आणि मीटर फेज-अर्थ व न्यूट्रल-अर्थ अशा दोन्हीकडे साधारण निम्मं व्होल्टेज दाखवू शकतं. कामाला आलेला माणूस 'जनरेटर खराब आहे' म्हणून निघून जातो. खराब नाही, तसाच असतो. पण अशा स्थितीत घरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पहिल्या गळतीला ट्रिप होईलच याची खात्री राहत नाही. त्यासाठी जनरेटरच्या बाजूला, एकाच ठिकाणी, न्यूट्रल-अर्थ जोड आणि स्वतंत्र अर्थ रॉड लागतो. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं. न्यूट्रल कॉमन ठेवून फक्त फेज बदलणाऱ्या चेंजओव्हरवर हा जोड केला तर दोन्ही अर्थिंग एकमेकांत अडकतात आणि आरसीसीबी विनाकारण उडत राहतो.

छतावर सोलर असेल (पीएम सूर्यघर योजनेनंतर बऱ्याच घरांवर आलाय) तर आणखी एक अट. ग्रिडला जोडलेला सोलर इन्व्हर्टर चेंजओव्हरच्या मीटरकडच्या बाजूलाच राहिला पाहिजे. तो घराच्या बाजूला असेल तर जनरेटरची स्वच्छ साइन वेव्ह बघून त्याला ग्रिड आली असं वाटतं, तो दुपारी तीन किलोवॅट ओतायला लागतो, आणि घरात तेवढा लोड नसल्याने ती वीज जनरेटरमध्ये शिरते. अशाने नवीन यंत्राचा इन्व्हर्टर बोर्ड जातो, आणि बोर्ड हा या यंत्रातला सगळ्यात महाग भागांपैकी एक.

सुरू करण्याचा क्रम: चेंजओव्हर मधल्या 'बंद'वर, ऑइल काडीवर पातळी बघा, फ्युएल कॉक उघडा, इंजिन थंड असेल तर चोक ओढा, इको बंद, चावी. इंजिनाने श्वास धरला की चोक हळूहळू आत. दोन-तीन मिनिटं मोकळं चालू द्या, मग चेंजओव्हर जनरेटरकडे, सगळ्यात मोठी मोटर आधी, किरकोळ लोड नंतर, शेवटी इको. बंद करताना उलट: लोड काढा, दोन मिनिटं मोकळं, मग कॉक बंद, इंजिन स्वतःहून थांबलं की चावी.

स्टार्ट होताच बंद पडत असेल आणि लाल दिवा लुकलुकत असेल तर ते ऑइल कमी असल्याचं लक्षण. या इंजिनात ऑइल जेमतेम ५५० मिलिलिटर लागतं. शंभर-दीडशे कमी झालं, किंवा यंत्र पोर्चच्या उतारावर तिरकं उभं असलं, तरी सेन्सर इंजिन थांबवतो. लोक चावी फिरवत राहतात आणि स्टार्टरची छोटी बॅटरी बसवतात.

ऑइल एसएई १०डब्ल्यू-३०. पहिलं २० तासांनी किंवा महिन्याने बदलायचं, पुढे दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल ते. घरच्या वापरात १०० तास कधी होत नाहीत, म्हणून कॅलेंडर बघायचं. बाइकचं २०डब्ल्यू-४० ओतून 'चालतं की' म्हणणारे मिकॅनिक भरपूर. निफाडकडे जानेवारीत पारा खाली गेला, ऑइल घट्ट झालं, की त्याच ऑइलवर दोरी ओढून दाखवावी. एअर फिल्टरचा स्पंज दर ५० तासांनी साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, थोडं ऑइल चोळून पिळून बसवावा. द्राक्षाच्या मळ्यात, धुळीच्या कच्च्या रस्त्यालगत असेल तर त्याहून लवकर. प्लग एनजीके बीपीआर५ईएस, गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर. ३०० तासांनी प्लग बदलावा आणि व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हपाशी ठेवायची फट) तपासून घ्यावा: थंड इंजिनावर इनटेक ०.१५, एक्झॉस्ट ०.२० मिलिमीटर. स्थानिक वर्कशॉपमध्ये फीलर गेज काढलेलाच नसेल तर व्हॉल्व्हचं बिल भरू नका.

एवढं करूनही ऐनवेळी न सुरू होणाऱ्या पेट्रोल जनरेटरमागे बहुतेकदा एकच कारण असतं: जुनं पेट्रोल. पंपावर आता ई२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, आणि टाकीच्या झाकणाला हवेसाठी वाट असतेच. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत महिना-दीड महिना पडून राहिलं की पाणी-इथेनॉल खाली बसू शकतं. कार्ब्युरेटरच्या बाऊलमध्ये उरलेलं थोडं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट थर राहतो आणि जेटचं केसाएवढं भोक बुजतं. मग यंत्र फक्त चोकवर चालतं, चोक सोडला की मरतं. जेट साफ करणे आणि गास्केट हा सगळ्यात नेहमीचा दुरुस्तीखर्च, आणि तो पूर्णपणे टाळता येतो. जुन्या मॅन्युअलमध्ये इथेनॉलची मर्यादा १० टक्के लिहिलेली आहे. जुनं यंत्र असेल तर रबरी नळ्या आणि ओ-रिंग दरवर्षी बघाव्यात.

उपाय साधा: वापर झाला की कॉक बंद करून इंजिन स्वतःहून मरेपर्यंत चालू द्यावं, आणि महिन्याभराहून जास्त उभं राहणार असेल तर बाऊलखालचा ड्रेन स्क्रू सैल करून उरलेलं काढावं. टाकीत चार-पाच लिटरच ठेवावं, दोन महिन्यांत ते स्कूटरमध्ये ओतून ताजं भरावं. राखीव पेट्रोल धातूच्या डब्यात. परवान्याशिवाय घरी ३० लिटरपर्यंतच ठेवता येतं, आणि प्लॅस्टिकच्या बाटलीत पंपवाले देतही नाहीत. भरताना इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्यावं.

महिन्यातून एकदा २० मिनिटं चालवणं आवश्यक, पण रिकामं नको. बादलीत १५०० वॅटचा रॉड आणि सोबत १००० वॅटची इस्त्री: अडीच किलोवॅटचा चोख लोड, घरातलाच. कमजोर प्लग, अर्धवट बुजलेला जेट, सैल चेंजओव्हर हे सगळं या २० मिनिटांत दिसतं. एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) घेणार असाल तर 'लोड टेस्ट' हा शब्द करारात लिहून घ्या. नुसतं सुरू करून 'ओके' लिहिणाऱ्या भेटीला किंमत नाही.

घेऊ नये कुणी? ज्यांच्याकडे जागा नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वासही येत नाही. बंद पोर्च, पार्किंग, जिन्याखालची जागा, डक्ट यांपैकी काहीही चालत नाही. दारं-खिडक्यांपासून सहा मीटर लांब, धूर बाहेरच्या दिशेने, वर पत्र्याची उघडी शेड. इंदिरानगर, पाथर्डी फाट्याकडच्या रो-हाउसना दीड मीटरचं साइड मार्जिन असतं आणि शेजाऱ्याची बेडरूम त्यालाच लागून. तिथे हा जनरेटर नकोच, त्याऐवजी मोठी बॅटरी घ्यावी. संपूर्ण घर, दोन एसी आणि एक एचपीचं बोअर हवं असेल तरी हा नको. त्यांनी ७.५ केव्हीएचा सायलेंट डिझेल बघावा, पण त्यालाही ३० टक्क्यांहून कमी लोडवर तासन्‌तास चालवलं की न जळलेलं डिझेल सायलेन्सरमध्ये साचतं.

लग्नमंडपवाल्यांकडून किंवा बंद झालेल्या दुकानातून वापरलेला मिळाला तर तीन गोष्टी: थंड इंजिनावर तुमच्यासमोर सुरू करायला लावा (आधीच गरम करून ठेवलं असेल तर परत जा), रॉड-इस्त्री लावून अर्धा तास चालवा, आणि बाऊलचा ड्रेन स्क्रू उघडून काय निघतं ते बघा. स्वच्छ पेट्रोल आलं तर भाव बोलायला हरकत नाही.