१९३२ची फोर्ड आणि इंजिनाचा वाद: जुनं फ्लॅटहेड की शेवरोलेचं ३५०?

१९३२ची फोर्ड रोडस्टर (उघड्या टपाची गाडी) हॉट रॉड, म्हणजे जुनी गाडी नव्याने बांधून वेगवान केलेली, म्हणून बांधायला घेतलेल्या माणसाला रंग, चाकं, सीट यांवर सगळे सल्ले देतात, पण वाद पेटतो तो इंजिनावरून. एकीकडे फोर्डचं स्वतःचं फ्लॅटहेड व्ही-एट, म्हणजे इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात आठ सिलिंडर आणि वर सपाट झाकण असलेलं इंजिन, जे अमेरिकेतल्या गाड्यांमध्ये १९३२ ते १९५३ या काळात बसत होतं. दुसरीकडे शेवरोलेचं ३५० घनइंच क्षमतेचं ‘स्मॉल ब्लॉक’ म्हणजे आटोपशीर आकाराचं व्ही-एट, जे आजही नवंकोरं, बांधून तयार मिळतं.

ताकदीचा मुद्दा आधीच निकालात काढू. १९३२चं पहिलं फ्लॅटहेड २२१ घनइंचांचं आणि ६५ हॉर्सपॉवरचं होतं. १९४९पर्यंत ते २३९ घनइंच आणि १०० हॉर्सपॉवरवर पोहोचलं. त्यावर अॅल्युमिनियमची हेड्स (सिलिंडरवरची झाकणं), दोन-तीन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्ब्युरेटर, वेगळा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि फोर्डच्याच मर्क्युरी गाडीचा, पिस्टनला चार इंचांची धाव देणारा क्रँक असा सगळा साज चढवला, तरी रोज चालवायच्या गाडीत दीडशेच्या आसपास हॉर्सपॉवर मिळते. जनरल मोटर्सचं साधंसुधं ३५० क्रेट इंजिन खोक्यातून निघतानाच अडीचशेहून जास्त हॉर्सपॉवरचं असतं, आणि नीट बांधून घेतलेल्या फ्लॅटहेडपेक्षा बहुतेक वेळा स्वस्तही पडतं. आकड्यांवरच ठरवायचं असेल तर इथेच थांबा, ३५० घ्या.

पण आकड्यांवर ठरवणारा माणूस हॉट रॉडच्या नादी लागतोच कशाला?

फ्लॅटहेडची खरी डोकेदुखी उष्णता. या इंजिनात व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये (इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्यात), सिलिंडरच्या शेजारी असतात. जळलेला वायू बाहेर पडण्याआधी ब्लॉकच्या पोटातून, पाण्याच्या वाटांना घासत जातो. प्रत्येक बाजूला सिलिंडर चार, पण धूर बाहेर पडायची तोंडं तीनच, कारण मधल्या दोघांना एकच वाट. म्हणजे इंजिन स्वतःचं पाणी स्वतःच तापवतं. दोन वॉटर पंप आणि चांगला रेडिएटर असला, ब्लॉकच्या आतला वर्षानुवर्षांचा गंज खरवडून काढलेला असला, की गाडी निमूट चालते. यातलं एक जरी राहिलं, तर उन्हाळ्यातल्या ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा बघत बसावं लागतं. गंमत म्हणजे फ्लॅटहेडचा तो गुरगुरता, किंचित अडखळता आवाज बराचसा त्या मधल्या सामायिक वाटेचीच देणगी आहे. ३५०ला कुठलेही सायलेन्सर लावा, तो आवाज निघत नाही.

दुसरं दुखणं तडे. व्हॉल्व्हच्या बैठकीपासून सिलिंडरकडे, किंवा हेड आवळायच्या स्टडच्या (खिळीच्या) भोकापासून पाण्याच्या वाटेकडे केसाएवढी चीर गेलेली असते. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. ब्लॉक धुऊन, चुंबकित करून त्यावर लोखंडाची बारीक पूड भुरभुरली की पूड चिरेवर गोळा होते आणि रेघ उमटते. स्टडच्या भोकाजवळची बारीक चीर पुष्कळदा दुरुस्त होते. सिलिंडरमध्ये उतरलेली असेल तर तो ब्लॉक सोडून द्यावा. विकणारा ही तपासणी करू देत नसेल, तर ‘काल-परवापर्यंत चालू होतं’ या बोलण्यावर एक डॉलरही ठेवू नका. बाकीचे भाग, म्हणजे पिस्टन, गॅस्केट, पंप, नवे बनवलेले सहज मिळतात. अडतं ते धड ब्लॉकपाशी. म्हणूनच फ्रान्समध्ये लष्करी ट्रकसाठी पुढे कितीतरी वर्षं बनत राहिलेले फ्लॅटहेड ब्लॉक अमेरिकेत आले, तेव्हा लोकांनी ते हौसेने उचलले.

आता ३५०ची दुसरी बाजू, जी विकणारे फारशी सांगत नाहीत. त्याचा डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरांना ठिणगी वाटणारा भाग) इंजिनाच्या मागच्या टोकाला असतो. १९३२च्या अरुंद, आखूड जागेत तो फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्याला, टेकतो, आणि बऱ्याचदा फायरवॉल कापून मागे खोलगट करावी लागते. शिवाय १९३९चा तीन गिअरचा फोर्ड गिअरबॉक्स आणि जुना मागचा अॅक्सल एवढ्या ताकदीपुढे फार दिवस तग धरत नाहीत. मग गिअरबॉक्स बदला, अॅक्सल बदला, ब्रेक तर बदलाच. स्वस्त इंजिनाने असा खर्च मागून आणलेला पुष्कळांनी पाहिलाय. बॉडी नवी किंवा फायबरची असेल तर कापाकापीचं वाईट वाटायचं कारण नाही. पण हाती फोर्डची मूळ पोलादी बॉडी असेल, तर माझ्या मते ती कापू नये. फ्लॅटहेड तिथे काहीही न कापता बसतं, आणि उद्या मन बदललं तर निघतंही.

रस्त्यात बंद पडायचा प्रश्नही विचारात घ्या. ३५०चा वॉटर पंप अमेरिकेतल्या छोट्या गावातल्या दुकानातही मिळतो आणि तो बसवणारा मेकॅनिकही शेजारीच असतो. फ्लॅटहेडचा पार्ट मागवावा लागतो, आणि बरेच तरुण मेकॅनिक बॉनेटखाली डोकावून हात वर करतात. स्वतः पाना धरत असाल तर मात्र हे इंजिन सोपं आहे: व्हॉल्व्ह हलवायला वर जाणारे पुशरॉड नाहीत, रॉकर नाहीत, प्रत्येक बाजूच्या एकवीस-चोवीस नट-बोल्टांनंतर हेड हातात. पहिल्यांदाच घेणार असाल तर १९४९ किंवा त्यानंतरचं घ्या. जुन्यांचा डिस्ट्रिब्युटर पुढे खाली बसतो आणि ठिणगीचं टायमिंग जमवायला बाहेर काढावा लागतो. नंतरच्यांत तो उभा, हाताशी आहे. फक्त जुन्या गिअरबॉक्सला जोडायला त्याला वेगळं बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स यांमधलं कवच) लागतं.

युटामधल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर वेगाच्या शर्यती होतात, त्यांत जुन्या इंजिनांचे वेगळे वर्ग आहेत. तिथे पळायचं असेल तर फ्लॅटहेड हे नुसतं हौसेचं इंजिन उरत नाही. रविवारी शंभरेक मैल फिरणार असाल, हात काळे करायची आवड असेल आणि तपासलेला ब्लॉक हाती असेल, तर मी फ्लॅटहेडच घालेन. एसी लावून बायकोमुलांना घेऊन तीन राज्यं ओलांडायची असतील, तर ३५०.

आणि दोन्हींत मन अडकत असेल, तर फोर्डचंच ३०२ घनइंची व्ही-एट एकदा बघा. त्याचा डिस्ट्रिब्युटर पुढे असतो, इंजिन अरुंद आहे, त्यामुळे फायरवॉल बहुधा वाचते. फोर्डमध्ये शेवरोले घातलं म्हणून मेळाव्यात टोमणेही खावे लागत नाहीत. आवाज मात्र फ्लॅटहेडचा येणार नाही, तेवढं आधीच मान्य करून टाका.