परत आलेल्या माणसाचं फिनिशमध्ये स्वागत: डुओलिंगो की संध्याकाळचा वर्ग?

डुओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या अ‍ॅपवर फिनिश 2020 मध्ये आली. आम्ही फिनलंडमध्ये एस्पोला राहायला आलो तेव्हा नवऱ्याच्या ऑफिसातल्या प्रत्येकाने मला तेच सुचवलं: फुकट आहे, मेट्रोत बसल्या बसल्या होतं. ते बरंच केल्यावर मी इथल्या प्रौढ शिक्षण संस्थेत संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं. अशा संस्थेला इकडे कान्सालाइसओपिस्तो म्हणतात. दोन्हींबद्दल लिहिते आहे, पण एकाच गरजेपुरतं. लांबून परतलेल्या माणसाचं दारात नीट, मनापासून स्वागत करता यावं, एवढंच मला हवं होतं.

कारण आमच्या समोरच्या दारातल्या आजी. त्या हिवाळाभर स्पेनमध्ये फुएन्गिरोलाला असतात. इथले बरेच पेन्शनर उन्हासाठी तिकडे जातात. परततात त्या वाप्पूच्या, म्हणजे 1 मेच्या सणाच्या जरा आधी. तोवर त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे असते. कुंड्यांना पाणी मी घालते, टपाल उचलून ठेवते. नाशिकला माझी आजी कुणी प्रवासातून आलं की भाकरतुकडा ओवाळून टाकल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायची नाही. मला निदान चार वाक्यं तरी समोरच्या आजींच्या भाषेत हवी होती.

आधी अ‍ॅप. शब्द कानावर पडावेत, अक्षरांची भीती जावी, यासाठी ते उत्तमच आहे. ‘मोई’, ‘हेई’, ‘तेर्वे’ हे नमस्काराचे शब्द लगेच येतात, स्वागताचं ‘तेर्वेतुलोआ’ही येतं. हा शब्द एकाला, अनेकांना, लहानाला, मोठ्याला सारखाच चालतो. आईच्या वयाच्या बाईला इथे सरळ नावाने हाक मारतात, त्याने मला सुरुवातीला फार अवघडल्यासारखं व्हायचं. तेर्वेतुलोआ म्हणताना तो पेच येत नाही. ‘ताकाइसिन’ जोडलं की ‘परत आलात, स्वागत’ झालं. पण अ‍ॅपमध्ये पुढे जादूगार आणि व्हायकिंग यांचीच वाक्यं बरीच येतात. मुलांना मजा येते. माझ्या जिन्यात मात्र जादूगार राहत नाहीत. शिवाय समजावणं सगळं इंग्रजीतून, आणि स्वागत केल्यावर समोरचा काय बोलेल, त्यावर आपण काय बोलायचं, ही साखळी तिथे बांधली जात नाही. पाचपैकी तीन तारे, तेही आनंदाने.

वर्गाला मात्र साडेचार. आमच्या बाईंनी एका संध्याकाळी चाकांची बॅग आणली होती. ती घेऊन त्या वर्गाबाहेर जायच्या, दार वाजवायचं, आम्ही एकेकाने उघडायचं. दर वेळी त्या वेगळीकडून यायच्या: स्पेनहून, सुटीवरून, दवाखान्यातून, एकदा तर लष्करी सेवेतून सुटी मिळालेला मुलगा बनून, खांदे पाडून. आणि कुठून आलात त्याप्रमाणे शेपूट बदलायचं. स्पेनहून ‘एस्पान्यास्ता’, दवाखान्यातून ‘साइरालास्ता’, पण सुटीवरून ‘लोमाल्ता’ आणि प्रवासातून ‘मात्काल्ता’. कुठे आलात त्याचंही तसंच: घरी ‘कोतीन’, हेलसिंकीला ‘हेल्सिंकीन’, तांपेरेला ‘तांपेरेल्ले’, आमच्या गावाला ‘एस्पोसेन’.

फिनिशमध्ये 15 विभक्ती आहेत हे ऐकून लोक पळतात. मराठी माणसाने पळू नये. आपण पुण्याला, ठाण्यात, नाशकाहून असं दिवसभर बोलतोच. प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं सामान्यरूप होतं हे आपल्याला कुणी वेगळं शिकवावं लागत नाही. हेल्सिंकीमध्ये म्हणताना ‘हेल्सिंगिस्सॅ’ होतं, मधला क जाऊन ग येतो. शेजारच्या बाकावरच्या कॅनडाच्या मुलीला ते अन्यायकारक वाटायचं. मला ते घरचंच वाटलं. उच्चारांतही आपलं पारडं जड आहे: त, प, क आपल्यासारखेच, हवा न सोडता, र आपल्यासारखाच खणखणीत. जोर नेहमी पहिल्या अक्षरावर द्यायचा, एवढं एक लक्षात ठेवायचं.

अवघड जातो तो ‘नॅह्दॅ’. ‘पुन्हा भेटून छान वाटलं’ यासाठी ‘किवा नॅह्दॅ तास’ म्हणतात, आणि त्यातला मधला ह गिळून चालत नाही. बाईंनी आम्हाला हाताच्या पंजावर फुंकर लागेपर्यंत तो ह म्हणायला लावला. अ‍ॅपमधल्या यंत्राच्या आवाजातून हे मला कधीच कळलं नसतं. ‘पित्कॅस्तॅ आइका’ हेही त्याच तासाला मिळालं: बऱ्याच दिवसांनी भेट झाली की म्हणायचं. आजींसाठी सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते हेच, आणि त्यानंतरचं ‘मितेन मात्का मेनी?’, म्हणजे प्रवास कसा झाला. प्रश्न विचारून थांबायचं, हेही बाईंनी शिकवलं. समोरचा विचार करून उत्तर देतो. मधल्या शांततेत आपण दुसरं वाक्य घुसवायचं नाही.

एक सूचना दुकानांबद्दल. बिल झाल्यावर काउंटरवरून ‘तेर्वेतुलोआ ऊदेल्लेन’ ऐकू येतं. ते निघताना म्हणायचं असतं, पुन्हा या अशा अर्थाने. दार उघडून आत घेताना ते वापरू नका, तिथे ताकाइसिनच.

अर्धा तारा कापला तो वर्गाच्या गर्दीसाठी. आम्ही इतके होतो की बॅगेचा खेळ प्रत्येकाच्या वाट्याला एकदाच आला. पुस्तकी भाषेवर भरही जरा जास्त होता. जिन्यात लोक ‘ताकासिन’ म्हणतात, मधला इ गळतो. ‘तुझी आठवण आली’ हे वर्गात ‘मिनुल्ला ओली इकॅवॅ सिनुआ’ असं शिकवलं; माझी लेक पाळणाघरातून ‘मुल्ला ओली इकॅवॅ सुआ’ असं ऐकून येते, आणि आजी पण तसंच बोलतात. फी भरावी लागते, पण खासगी शिकवणीच्या मानाने ती फारच कमी आहे.

नवीन आलेल्या मराठी मंडळींना माझा सल्ला: पहिले काही आठवडे अ‍ॅप करा, अक्षरं आणि लांब-आखूड स्वर पक्के करा (तुली म्हणजे आग, तूली म्हणजे वारा), मग वर्ग धराच. आमच्याकडे शरदातल्या वर्गांची नोंदणी ऑगस्टच्या सुमारास असते आणि सुरुवातीच्या पातळीच्या जागा भराभर जातात, म्हणून गणपतीला भारतात जाणार असाल तर निघण्याआधी नाव घालून ठेवा. बोलीभाषेचा वेगळा वर्ग असतो, त्यात मी या वर्षी बसणार आहे.