वॉलेटचा पासवर्ड विसरलेल्यांना लुटणारे 'रिकव्हरी एक्सपर्ट'

क्रिप्टो वॉलेटचा, म्हणजे बिटकॉइनसारखं आभासी चलन सांभाळणाऱ्या ॲपचा, पासवर्ड आठवत नाही, असं एकदा जाहीरपणे लिहिलं की मदतीला धावून येणाऱ्यांची रांग लागते. कुणी म्हणतं, माझेही पैसे असेच अडकले होते, अमुक इन्स्टाग्राम खात्याने काढून दिले. कुणी थेट टेलिग्रामचा दुवा देतं. यातले बरेचसे संदेश माणसं लिहीतच नाहीत. 'मेटामास्क', 'ट्रस्ट वॉलेट' ही वॉलेटची नावं किंवा 'पासवर्ड' असे शब्द दिसले की आपोआप उत्तर टाकणारी खाती त्यासाठीच चालवली जातात. गुगलवर 'कस्टमर केअर नंबर' शोधणाराही याच लोकांच्या हाती लागतो. मेटामास्कला फोनवरची मदतसेवा नाहीच, त्यामुळे त्या नावाने जो नंबर सापडेल तो ठगाचाच समजावा.

पहिली मागणी निरुपद्रवी वाटते: वॉलेटचा पत्ता द्या. नुसत्या पत्त्यावरून चलन चोरता येत नाही हे खरं. पण ब्लॉकचेन, म्हणजे सगळ्या व्यवहारांची नोंदवही, सगळ्यांना खुली असते, त्यामुळे त्या पत्त्यावर किती शिल्लक आहे हे ठगाला लगेच दिसतं आणि आपल्याकडून किती उकळायचं ते त्यावरून ठरतं. पुढची मागणी वॉलेट कोणत्या प्रकारचं आहे त्यावर अवलंबून असते.

मेटामास्क किंवा ट्रस्ट वॉलेट असेल तर वॉलेट बनवताना लिहून ठेवायला दिलेले बारा गुप्त शब्द मागितले जातात. 'पासवर्ड रीसेट करायला शब्द पडताळावे लागतात' असं सांगून एक फॉर्म पाठवतात, किंवा 'वॉलेट सिंक्रोनाइझ' करणारी एखादी साइट देतात. इथे मुळातली रचना नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळी फसवणूक ती माहीत नसण्यावरच उभी आहे. मेटामास्कचा पासवर्ड फक्त त्या एका ब्राउझरमधल्या किंवा फोनमधल्या चाव्यांना, म्हणजे चलन हलवण्याचा अधिकार देणाऱ्या गुप्त आकड्यांना, कुलूप लावतो. तो कंपनीकडे नसतो, म्हणून कंपनीही तो बदलून देऊ शकत नाही. चाव्या तयार होतात त्या बारा शब्दांमधून. शब्द तुमच्याकडे असतील तर पासवर्ड विसरल्याने काहीच बिघडत नाही: अधिकृत ॲप नव्याने घ्या, शब्द टाकून वॉलेट परत आणा, नवा पासवर्ड ठेवा. यात तज्ज्ञाला करण्यासारखं काही उरतच नाही. म्हणून शब्द मागणाऱ्याला त्या शब्दांचा एकच उपयोग असतो. त्याच बारा शब्दांतून इथेरियम, बिटकॉइन, ट्रॉन अशा सगळ्या ब्लॉकचेनवरचे पत्ते निघतात, त्यामुळे एकदा शब्द गेले की सगळंच एकदम रिकामं होतं.

दोन गोष्टी मात्र आधी तपासा. एखादं खातं खासगी चावी टाकून वेगळं जोडलेलं असेल, तर ते बारा शब्दांतून परत येत नाही. आणि शब्द हाताशी नसतील तर ब्राउझरमधलं एक्स्टेंशन अजिबात काढू नका. चाव्यांची कुलूपबंद तिजोरी ब्राउझरच्या प्रोफाइल फोल्डरमध्येच असते, एक्स्टेंशनबरोबर तीही पुसली जाते. 'काढून परत टाका' हा सल्ला खोटे मदतनीस सर्रास देतात. त्यांचं काहीच जात नाही, पण तुमची शेवटची आशा तिथे संपते.

वॉलेट बिटकॉइन कोअर या बिटकॉइनच्या मूळ सॉफ्टवेअरमधलं जुनं असेल तर मागणी वेगळी असते. त्यात सगळं 'वॉलेट डॉट डॅट' या फाइलमध्ये असतं. विंडोजवर ती ॲपडेटा, रोमिंग, बिटकॉइन या लपवलेल्या फोल्डरमध्ये सापडते, नव्या आवृत्त्यांत त्याच्याही आत 'वॉलेट्स' नावाच्या फोल्डरमध्ये. पासवर्डची सोय सप्टेंबर २०११ मध्ये आलेल्या ०.४.० आवृत्तीपासून आहे. ठग म्हणतो, ही फाइल पाठवा आणि आठवतील तेवढे सगळे पासवर्ड लिहून द्या. यातलं एकेक वेगळं पाहिलं तर वावगं वाटत नाही. पण फाइल आणि पासवर्डची यादी एकाच्याच हातात पडली की पासवर्ड सापडल्यावर तुम्हाला कळवायचं की नाही, हे त्याच्या मर्जीवर राहतं. यादीतला एखादा पासवर्ड खरंच जुळला तर पैसे त्याच क्षणी हलतात आणि तुम्हाला निरोप येतो, 'सापडला नाही, माफ करा'.

पासवर्ड जुळला नाही तरी त्याचा धंदा थांबत नाही. मग प्रगतीचे पुरावे येऊ लागतात. पहिली तीन अक्षरं दिसतायत आणि बाकी तारे आहेत असा स्क्रीनशॉट येतो. हा सपशेल खोटा असतो. पासवर्डची तपासणी अक्षरागणिक होत नाही. पूर्ण पासवर्ड बरोबर असतो किंवा चूक, 'अर्धा सापडला' अशी अवस्था अस्तित्वातच नाही. दुसरा पुरावा जास्त फसवा असतो: एखाद्या ॲपमध्ये तुमचा पत्ता आणि तुमची नेमकी शिल्लक. इलेक्ट्रमसारख्या वॉलेटमध्ये कुणाचाही पत्ता 'फक्त पाहण्यासाठी' जोडता येतो, त्याला चावी लागत नाही. शिल्लक दाखवणं म्हणजे वॉलेट उघडणं नव्हे. चावी हातात असल्याचा खरा पुरावा म्हणजे स्वाक्षरी: तुम्ही दिलेलं, आजच्या तारखेचं वाक्य त्या पत्त्याच्या चावीने सही करून मागा आणि बिटकॉइन कोअरमध्ये 'व्हेरिफाय मेसेज' वापरून स्वतः तपासा. १ या अंकाने सुरू होणाऱ्या जुन्या पत्त्यांवर हे नीट चालतं. ठगाला ते जमत नाही, मग तो 'सुरक्षेच्या कारणास्तव' असं काहीतरी सांगून विषय बदलतो. आणि कुणी ती सही खरंच करून दाखवली, तर तुमचे पैसे हलवण्याची ताकद त्याच्याकडे आली आहे, हेही ध्यानात घ्या.

यानंतर पैशांची मागणी सुरू होते. आधी सॉफ्टवेअरचं लायसन्स, मग 'गॅस फी' (ब्लॉकचेनवरच्या व्यवहाराचं शुल्क), मग मनी लाँडरिंग नसल्याचं प्रमाणपत्र, मग 'नोड ॲक्टिव्हेशन'. प्रत्येक रक्कम आधीच्यापेक्षा थोडी मोठी, आणि प्रत्येक वेळी ही शेवटची असं आश्वासन. बहुतेक वेळा यूएसडीटी या डॉलरशी किंमत जोडलेल्या आभासी चलनात मागतात, कारण ते पाठवल्यावर बँकेसारखं परत फिरवता येत नाही. आपल्याकडे आणखी एक थाप चालते: सरकारचा ३० टक्के कर आधी भरल्याशिवाय रक्कम सुटणार नाही. आभासी चलनाच्या नफ्यावर एप्रिल २०२२ पासून ३० टक्के आयकर आहे, आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून हस्तांतरावर १ टक्का टीडीएस आहे, म्हणून ती पटते. पण स्वतःचंच वॉलेट उघडणं हे हस्तांतर नाही, आणि आयकर कुणाच्याही खासगी वॉलेटवर किंवा यूपीआयवर भरला जात नाही. तो पॅनवर, आयकर विभागाच्या चलनानेच भरला जातो. खरोखर देय असलेलं शुल्क तर सापडलेल्या रकमेतून कापून घेता आलं असतं. ते आधी आणि बाहेरून का मागतात, एवढा एक प्रश्न विचारला तरी समोरच्याचा सूर बदलतो.

पासवर्ड शोधणं शक्य तरी असतं का? हे गणित एकदा स्वतः करून पाहावं, कारण कुणाच्या दाव्यात किती दम आहे ते त्यावरून कळतं. बिटकॉइन कोअर पासवर्डवर हॅशची, म्हणजे उलटी न फिरवता येणारी गणिती, क्रिया हजारो वेळा लावतं, किमान २५,००० वेळा, मुद्दाम, प्रत्येक अंदाजाला वेळ लागावा म्हणून. समजा एखादं यंत्र सेकंदाला १०,००० पासवर्ड तपासतं. पासवर्ड आठ अक्षरांचा आणि पूर्ण यादृच्छिक असेल, की-बोर्डवरच्या ९५ चिन्हांमधला, तर सगळ्या शक्यता संपवायला सुमारे २१,००० वर्षं लागतील. 'आमच्याकडे क्वांटम सर्व्हर आहे' म्हणणाऱ्याने हा आकडा डोळ्यांसमोर ठेवून बोलावं.

उलट बाजू पाहा. पासवर्डात तीनपैकी एक नाव होतं, ते तीनपैकी एका प्रकारे लिहिलेलं, पुढे दोन अंक, दहांपैकी एक चिन्ह, आणि या तीन तुकड्यांचा क्रम नक्की आठवत नाही, एवढं जरी माहीत असेल तरी शक्यता ५४,००० होतात. साध्या लॅपटॉपने सेकंदाला फक्त १० तपासले तरी दीड तासात काम संपतं. पासवर्ड परत मिळतो तो मुख्यतः मालकाच्या स्मरणातून, यंत्राच्या ताकदीतून नव्हे. म्हणून पहिलं काम कागद-पेन घेऊन बसण्याचं: त्या काळात कोणते पासवर्ड वापरत होतात, शेवटी काय जोडण्याची सवय होती, कॅप्स लॉक चालू राहिला असेल का, मराठी इनस्क्रिप्ट की-बोर्ड चालू असताना टाइप झालं असेल का. वॉलेट इंग्लंडमध्ये घेतलेल्या लॅपटॉपवर बनवलं असेल तर तिथल्या की-बोर्डवर 'ॲट'चं चिन्ह आणि दुहेरी अवतरण यांच्या जागा अमेरिकी रचनेच्या उलट असतात. हात सवयीने चालला असेल तर पासवर्डात भलतंच चिन्ह बसलेलं असतं.

ही यादी घेऊन शोध घेणारं 'बीटीसीरिकव्हर' हे मुक्त सॉफ्टवेअर फुकट मिळतं. तुकड्यांची यादी दिली की ते जोडण्या करतं, टायपिंगच्या चुकाही धरतं. वापरण्याआधी वॉलेट फाइलच्या दोन प्रती वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर काढा आणि काम इंटरनेट तोडलेल्या संगणकावर करा. सॉफ्टवेअर मूळ प्रकल्पाच्या गिटहब (सॉफ्टवेअरचे कोड ठेवण्याची साइट) पानावरूनच घ्या. 'वॉलेट क्रॅकर' नावाने व्हिडिओंखाली वाटले जाणारे प्रोग्राम अनेकदा ब्राउझरमधले पासवर्ड आणि इतर वॉलेट चोरण्यासाठीच बनवलेले असतात.

बारा शब्दांतला एखादा शब्द पुसला गेला असेल तर काम याहून सोपं असतं. शब्दांची यादी २,०४८ शब्दांची आहे आणि प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो. जागा माहीत असलेला एक शब्द गहाळ असेल तर २,०४८ पर्याय, त्यातलेही सुमारे १२८ च शब्दांच्या अंगभूत पडताळणीत टिकतात. दोन शब्द गहाळ असतील तर ४१,९४,३०४ पर्याय, तेही घरच्या संगणकाला झेपतात. बाराही शब्द आहेत पण क्रम हरवलाय, तर ४७,९०,०१,६०० क्रम, त्यातले सोळातला एक वैध. हेही होतं. एवढ्यासाठी अर्धी रक्कम मागणारे आहेत, आणि ती देणारेही दुर्दैवाने आहेत.

हार्डवेअर वॉलेटच्या, म्हणजे चाव्या ठेवणाऱ्या छोट्या उपकरणाच्या, पिनवर मात्र प्रयोग करू नका. लेजर या कंपनीचं उपकरण तीन चुकीच्या पिननंतर स्वतःला पुसून टाकतं, ट्रेझरचं सोळानंतर. शब्द लिहून ठेवलेले असतील तर पुसलं गेलं तरी चालतं, नसतील तर सगळं संपलं. स्टीफन थॉमस या प्रोग्रामरची ७,००२ बिटकॉइनची चावी आयर्नकी नावाच्या पेनड्राइव्हमध्ये अडकली. त्याला दहाच संधी होत्या आणि आठ वाया गेल्या होत्या, हे २०२१ मध्ये जगभर छापून आलं.

स्वतः करणं जमणार नसेल आणि बाहेरची मदत घ्यायचीच असेल, तर फाइल देऊ नका. बिटकॉइन कोअरच्या फाइलमधून फक्त कुलूपबंद मास्टर की (खासगी चाव्यांचं कुलूप उघडणारी चावी) वेगळी काढणारी छोटी स्क्रिप्ट बीटीसीरिकव्हरबरोबरच येते. तेवढ्यावर पासवर्ड तपासता येतो, पण पासवर्ड सापडला तरी पैसे हलवता येत नाहीत, कारण खासगी चाव्या तुमच्याच फाइलमध्ये राहतात. हे सुचवल्यावर समोरचा कसं उत्तर देतो ते बघा. काम जाणणारा हॅशचा प्रकार आणि मोबदल्याचा लेखी करार यावर बोलेल. ठग 'पूर्ण फाइलच लागते' किंवा 'ॲनीडेस्कवर (दुरून संगणक चालवू देणारं ॲप) स्क्रीन द्या' एवढंच म्हणत राहील. प्रामाणिक सेवा यश आल्यावर टक्केवारी घेतात आणि काम होण्यासारखं नसेल तर तसं स्पष्ट सांगतात.

खरी यशस्वी उदाहरणं आहेत, आणि त्यांच्याच बातम्या दाखवून ठग विश्वास कमावतात. हार्डवेअर तज्ज्ञ जो ग्रँड आणि त्याच्या सहकाऱ्याने एका मालकाचे ४३.६ बिटकॉइन परत मिळवले, ती बातमी मे २०२४ मध्ये आली. तो वीस अक्षरी पासवर्ड २०१३ मध्ये रोबोफॉर्म या पासवर्ड सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरने बनवला होता, आणि त्या जुन्या आवृत्तीत 'यादृच्छिक' पासवर्ड संगणकाच्या घड्याळावरून ठरत असे. ही चूक सापडली म्हणून मार्ग निघाला. अशा प्रत्येक खऱ्या घटनेमागे एखादी नेमकी त्रुटी असते, जी शब्दांत सांगता येते. तुमच्या वॉलेटमध्ये ती कोणती, हे जो सांगू शकत नाही त्याच्याकडे मार्ग नाही.

ओळखीचा, नावाजलेला माणूस म्हणूनही निर्धास्त राहू नये. पुण्यात २०१८ च्या बिटकॉइन घोटाळ्याच्या तपासात मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांना मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनीच अटक केली. आरोपींच्या वॉलेटमधलं चलन स्वतःकडे वळवल्याचा आणि पोलिसांना बदललेले स्क्रीनशॉट दिल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला. पोलिसांच्या देखरेखीतल्या कामात असा संशय उभा राहू शकतो, तर एकट्यादुकट्याने किती सावध असायला हवं.

बारा शब्द कुणाला दिले गेले असतील तर पासवर्ड बदलून उपयोग नाही, शब्द तेच राहतात. नव्या शब्दांचं नवं वॉलेट बनवा आणि उरलेलं सगळं लगेच तिकडे हलवा, तक्रार त्यानंतर. स्क्रीन दिली असेल तर हे काम दुसऱ्या उपकरणावरून करा. मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर नोंद. सोबत प्रत्येक व्यवहाराचा हॅश (त्याची ओळख सांगणारी अक्षर-अंकांची ओळ), ज्या पत्त्यांवर पैसे गेले ते पत्ते, चॅटची निर्यात केलेली प्रत आणि बँक किंवा यूपीआयचे तपशील ठेवा. चॅट पुसू नका, कितीही लाज वाटली तरी. यूएसडीटी गेलं असेल तर घाई करा: ते जारी करणारी टेथर कंपनी तपास यंत्रणांच्या विनंतीवरून एखाद्या पत्त्यावरची रक्कम गोठवू शकते, पण ती तिथून पुढे सरकण्याआधी.

काही दिवसांनी फोन येईल. बोलणारा स्वतःला वकील, सायबर अधिकारी किंवा परदेशी संस्थेचा प्रतिनिधी म्हणवेल. तुमचं नाव, बुडालेली रक्कम, तारीख, सगळं त्याला माहीत असेल, कारण फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, किंवा पहिलाच ठग आवाज बदलून बोलत असतो. अमेरिकेच्या एफबीआयने ऑगस्ट २०२३ मध्ये अशा वसुली कंपन्यांबद्दल आणि जून २०२४ मध्ये खोट्या वकिली फर्मांबद्दल जाहीर इशारे दिले होते. फोनवाल्याला पोलीस ठाण्याचं नाव आणि तुमच्या तक्रारीचा क्रमांक विचारा, फोन ठेवा, आणि त्या ठाण्याचा नंबर स्वतः शोधून तिथे लावा.