मराठी तांत्रिक ई-पुस्तक मोफत द्यायचंय, पण ठेवायचं कुठे?

नागपूरजवळच्या हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांत मोटरी आणि पॅनल सांभाळणाऱ्या एखाद्या अनुभवी इलेक्ट्रिशियननं, किंवा नागपुरातल्या श्रद्धानंदपेठेतल्या आयटीआयमध्ये शिकवणाऱ्या निदेशकानं मराठीत पुस्तक लिहून फुकट वाटायचं ठरवलं, की सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतं ग्रुपवर टाका, कोणी म्हणतं ड्राइव्हची लिंक द्या, कोणी किंडल सुचवतं. माझं मत आधीच सांगतो. पुस्तकाचं मूळ ठिकाण स्वतःची वेबसाइट असावी. बाकी ठिकाणी प्रती खुशाल असाव्यात. कारण तांत्रिक पुस्तकाला दुरुस्ती लागतेच.

एक उदाहरण घ्या. १० एचपीच्या थ्री-फेज मोटरचा फुल लोड करंट, म्हणजे पूर्ण भारावर ती घेते तो प्रवाह, साधारण १४ अँपिअर. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (मोटर हळूहळू सुरू करणारी जोडणी) ओव्हरलोड रिले, म्हणजे प्रवाह जास्त झाला की मोटर बंद पाडणारं साधन, मेन काँटॅक्टरच्या (मोटरचा मुख्य स्विच) खाली, मोटरच्या बाजूला जोडलेलं असेल तर त्याचं सेटिंग या करंटच्या ०.५८ पट, म्हणजे ८ अँपिअरच्या आसपास ठेवतात. पुस्तकात तिथे १४ राहून गेलं आणि नव्या पोरानं तसंच लावलं, तर मोटर ओव्हरलोडवर चालत राहील, रिले वेळेवर पडून ती बंद करणार नाही आणि वाइंडिंग जळेल. अशी चूक सापडल्यावर दुरुस्त पान वाचकापर्यंत पोचवता येतं का, या कसोटीवर मी सगळे पर्याय पाहतो.

व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम इथेच मागे पडतात. फाइल एका संध्याकाळी शेकडो फोनांत जाते खरी, पण एकदा फॉरवर्ड झालेली प्रत परत बोलावता येत नाही. ग्रुपवर फाइलऐवजी लिंक टाकावी, एवढाच त्यांचा उपयोग.

गूगल ड्राइव्ह त्याहून बरं. त्याच फाइलची नवी आवृत्ती चढवली तर लिंक बदलत नाही, हे अनेकांना माहीत नसतं. मात्र शेअरिंगचं सेटिंग चुकलं की वाचकाला परवानगी मागायचा संदेश दिसतो, आणि बहुतेक जण तिथूनच परत फिरतात. शिवाय खातं २ वर्षं वापरलं नाही तर गूगल ते काढून टाकू शकतं. लेखक निवृत्त झाला, आजारी पडला, तर पुस्तकही गेलं.

किंडलचा मोह मोठा असतो, पण फुकट द्यायचं असेल तर ते जमत नाही. तिथे किंमत कायमची शून्य ठेवता येत नाही. केडीपी सिलेक्ट या ॲमेझॉनच्या योजनेत ९० दिवसांत ५ दिवस पुस्तक मोफत देता येतं, पण त्या ९० दिवसांत त्याची डिजिटल प्रत दुसरीकडे कुठेच, अगदी स्वतःच्या साइटवरही ठेवता येत नाही. ही अट न वाचता होकार देऊ नका.

इंटरनेट आर्काइव्ह ही पुस्तकं आणि वेब पानं जपून ठेवणारी, १९९६ पासूनची ना-नफा संस्था. दुसरी प्रत ठेवायला मला तीच जागा आवडते. फक्त तिच्यावरच विसंबू नये. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यानंतर ती साइट काही दिवस बंद होती.

आता स्वतःची साइट. गिटहब पेजेस या साइट ठेवायच्या सेवेवर ती फुकट उभी राहते. साइटला १ जीबी जागा आणि महिन्याला १०० जीबी वाहतूक अशी मर्यादा आहे. पुस्तक २ एमबीचं असेल तर त्यात महिन्याला ५०,००० डाउनलोड बसतात. खर्च फक्त डोमेनचा, म्हणजे साइटच्या स्वतःच्या नावाचा. तो दरवर्षी भरावा लागतो आणि चुकला तर नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो, म्हणून ऑटो-रिन्यू लावा आणि घरात एकाला तरी पासवर्ड ठाऊक असू द्या.

पीडीएफ की ईपब (ई-पुस्तकांसाठीची फाइल), यावर फार वेळ घालवू नका. फोनवर ए-४ पानाचं पीडीएफ वाचणं म्हणजे प्रत्येक ओळीसाठी पान डावीकडे-उजवीकडे सरकवणं. वायरिंगचा तक्ता तर अर्धाच दिसतो. ईपबमध्ये मजकूर पडद्याप्रमाणे जुळतो, पण तक्ते आणि सर्किट विस्कटतात, आणि अनेकांच्या फोनमध्ये ते उघडणारं ॲप नसतं. म्हणून प्रकरणं साध्या वेब पानांवर द्या आणि झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढणाऱ्यांसाठी पीडीएफ ठेवा. ईपब सवडीनं. मूळ मजकूर मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणा घातलेल्या मजकुरात, लिहिला असेल तर पॅनडॉक हा मोफत प्रोग्राम तिन्ही रूपं काढून देतो.

एका बाबतीत मात्र अजिबात तडजोड नको. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंचातच हवा. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फाँटमध्ये बसवून घेतलेलं पीडीएफ दिसतं सुरेख, पण त्यात ‘काँटॅक्टर’ शोधलं तर काही सापडत नाही आणि कॉपी केलं तर भलतीच चिन्हं येतात. गूगललाही ते वाचता येत नाही, म्हणजे ज्या पोरासाठी लिहिलं त्याला ते मिळतच नाही. ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ हे खुले फाँट फुकट आहेत आणि पुस्तकात घालायची मोकळीक देतात.

पुस्तक इतरांनी कसं वापरावं याचा परवाना पहिल्याच पानावर लिहा. दुसऱ्यानं विकू नये असं वाटत असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या तयार परवान्यांपैकी बीवाय-एनसी (CC BY-NC). कोचिंगवाल्यानं छापून विकलं तरी चालेल, पण नाव राहावं आणि बदल केलेली प्रतही तशीच खुली राहावी असं वाटत असेल तर बीवाय-एसए (CC BY-SA). मी दुसरा निवडेन, कारण मोर्शी-काटोलच्या मुलापर्यंत छापील प्रत कोणी विकून का होईना, पोचवली तर ते मला हवंच आहे. मात्र दिलेला परवाना मागे घेता येत नाही, तेव्हा आधी नीट विचार करा.

आणि पीडीएफच्या प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्तीची तारीख आणि साइटचा पत्ता टाका. चार वर्षांपूर्वीची झेरॉक्स हातात पडलेल्या माणसालाही रिलेचं सेटिंग लावण्याआधी नवी प्रत तपासता येईल.