हातरंगाई म्हणून छापील चावान: 69,810 येन गेले

कियोमिझु-याकीची, म्हणजे क्योतोच्या नावाजलेल्या कुंभारकामाची, हाताने रंगवलेली चावान, म्हणजे माच्चा (हिरव्या चहाची पूड) घुसळायची वाटी, ऑनलाइन घ्यायच्या विचारात असाल तर आधी हे वाचा. वाटीचे 68,000, टपालाचे 1,480, बँकेने पैसे पाठवायचे घेतले 330. एकूण 69,810 येन. रुपयांत चाळीस हजारांच्या आसपास.

विक्रीच्या ॲपवर जाहिरातीत लिहिलं होतं: निनसेइ-उत्सुशी, फुजीच्या (विस्टेरियाच्या) फुलांचे घोस, संपूर्ण हातरंगाई, कुंभाराच्या सहीची पेटी. उत्सुशी म्हणजे जुन्या उस्तादाच्या कामावरून केलेली नवी वाटी, त्यात लबाडी काहीच नाही. नोनोमुरा निनसेइने 17व्या शतकात निन्नाजी देवळाजवळच्या भट्टीत झिलईवरचं रंगकाम नावारूपाला आणलं आणि त्याच्या वळणाच्या वाट्या क्योतोत आजही उघडपणे होतात. पैसे मोजायचे ते हाताचे. भाजलेल्या झिलईवर कुंचल्याने एकेक पाकळी काढायची आणि साधारण 800 अंशांवर पुन्हा भाजायची. त्या कष्टाचे 68,000 मला जड नव्हते.

मूळ भाव 74,000. ॲपबाहेर थेट बँकेत भरले तर सहा हजार कमी. हो, इथेच तुम्ही मान हलवणार. पण इथे जपानात घरभाड्यापासून क्लासच्या फीपर्यंत सगळं बँकेतूनच जातं, मग याच एका व्यवहाराचा संशय का घ्यायचा? तरी सांगते, ॲपबाहेर एक येनही पाठवू नका.

मला जाळतो तो बुडाचा फोटो. जाहिरातीत तो नव्हता, मी मागून घेतला. आला, तर तळाची कड, त्यावर शिक्का आणि बिस्किटी रंगाची माती. बाजूने काढलेल्या फोटोत मात्र झिलई संपते तिथली माती पांढरीफटक! दोन्ही फोटो माझ्या मोबाइलवर एकाखाली एक होते. फरक मला दिसला होता, दिव्याचा पिवळा उजेड पडला असेल असं वाटलं. कोणालाही तसंच वाटलं असतं. क्लासमध्ये माझ्या कितीतरी आधीपासून येणाऱ्या बाईंना दाखवले, त्याही "छान आहे, घ्या" म्हणाल्या.

पेटी आली ती अस्सल, किरीच्या लाकडाची, झाकणावर सही आणि शिक्का. आतली वाटी भलतीच. क्लासच्या सेनसेईंनी, म्हणजे गुरूंनी, भिंग हातात दिलं. जांभळ्या पाकळ्या म्हणजे नुसते बारीक ठिपके, रेषा सगळीकडे एकाच जाडीची, आणि नक्षी फिरून जिथे जुळते तिथे एक पाकळी उभी कापलेली. छापील चित्र चिकटवून भाजलेलं. सहीच्या रिकाम्या पेट्या जुन्या बाजारात सुट्या विकत मिळतात. पेटीवर जाऊ नका. वाटी, पेटी आणि बूड एकाच फोटोत मागा, नाही म्हणाला तर सोडून द्या.

पोलीस चौकीत ऐकवलं, हा तुमचा दोघांचा आपसातला व्यवहार, वस्तू तर मिळाली ना? बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत, खातं गोठवायचं तर आधी पोलिसांकडून या. पोलीस म्हणतात आधी बँकेशी बोला. ॲपवाल्यांचं साचेबंद उत्तर, बाहेरच्या व्यवहाराला आम्ही जबाबदार नाही. म्हणजे त्याच माणसाने त्यांच्याच ॲपवर मला गाठलं, ते कुठे गेलं? ग्राहक सल्ला केंद्रातल्या बाईंनी सगळं लिहून घेतलं, वाकून नमस्कार केला आणि सांगितलं की दारावर येऊन विकलेली वस्तू आठ दिवसांत परत करता येते, ऑनलाइन खरेदीला ती सवलत नाही, शिवाय त्याने 'नो क्लेम, नो रिटर्न' लिहिलं आहे. अहो, पण छापलेलं रंगवलेलं म्हणून विकणं हे खोटं नाही का? त्या एका ओळीने खोट्याचं खरं होतं? यावर कोणाकडेही उत्तर नाही. माझं जपानी तोडकं म्हणून सगळे सावकाश, आदराने बोलले. केलं मात्र कोणीच काही नाही.

फोटो, मेसेज, बँकेची पावती जपून ठेवा. बोलणं ॲपमध्येच करा, मी ते दुसरीकडे नेऊ दिलं आणि पुरावा अर्धा झाला.

माणूस अजून तिथेच विकतोय. या वेळी इशिकावाची कुतानी चावान, पाच रंगांची, 52,000 येन. ओळखीतल्या एकीला विचारायला लावलं. तिला आलेला बुडाचा फोटो मला पाठवला होता तोच आहे, क्योतोच्या शिक्क्यासकट.